होल्डवरचा सॅक्सोफोन

मी जाझ ऐकायला लागले ती पीकविम्याच्या फोनवर. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

सोयाबीन पाण्याखाली गेलं की लगेच फोन करून कळवायचं, असा नियम. साखऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावर नीट बटणं दाबणारी मी एकटी, म्हणून अख्ख्या तांड्याचे फोन माझ्या गळ्यात. 'आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत' एवढं ऐकू यायचं आणि मग सॅक्सोफोन सुरू व्हायचा. माणसं शिव्या घालायची. मीही घातल्या. पण दोन-तीन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की फोन कोणी उचलू नये म्हणून मी देवाला हात जोडून राहिलेय. ती धून वर चढायची, एका जागी थांबून दम घ्यायची, आता खरं काय ते सांगणार असं वाटायचं, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी बोलायचा, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?" अरे बाबा, गप बस, हीच मदत.

पुढचं कधीच ऐकायला मिळालं नाही. नेटवर शोधलं, सापडलं नाही. पण शोधता शोधता कळलं की ह्या जातीच्या वाजवण्याला स्मूथ जाझ म्हणतात, आणि मग त्यातलं जे जे हाती लागलं ते ते ऐकलं. सेनगावात माझं ब्युटी पार्लर आहे. तिथं मी दिवसभर हेच लावते. आधी बाया विचारायच्या, "काय गं मिना, कोणी वारलं का?" आता नवरीच्या मेकअपला मुद्दाम लावायला सांगतात, कारण त्यावर डोळे मिटून पडता येतं.

ह्या वेडाची आणखी दोन माणसं मला भेटली. शंकरसिंग हिंगोली-सेनगाव जीप चालवतो. संभाजीनगरच्या एका हॉटेलात वॉचमन होता तेव्हा तिथल्या लॉबीत त्याला हे लागलं. जीपमध्ये जाझ लावतो म्हणून पॅसेंजर त्याच्याशी भांडतात. दुसरे राधाकृष्णकाका, औंढ्याचे, पुजाऱ्यांच्या घरातले, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते नांदेडला दातांच्या डॉक्टरकडं, तोंड उघडं ठेवून. रविवारी आम्ही तिघं पुसेगाव रस्त्याला जीप लावून ऐकत बसतो. लोक काय म्हणतात ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर त्यांनाच लाज वाटेल.

काकांचा एक भाचा पुण्याचा. तो एकदा म्हणाला, "मामा, हे काही खरं जाझ नाही, हे लिफ्टमधलं संगीत आहे." सेनगावात लिफ्टच नाही. तेव्हा तो आरोप आम्हाला लागू होत नाही.

असो. आमच्या तांड्यावरचा गुलाबचंद पुण्यात मांडव-डेकोरेशनच्या धंद्यात वर आला आणि त्यानं सेनगावला मोठं मंगल कार्यालय बांधलं. उद्घाटनाला त्याला असं काही पाहिजे होतं, जे नांदेडातबी झालं न्हाई. मी सांगितलं, जाझ. तो गोव्याला लग्नाच्या कामात ऐकून आलेला होता, त्यामुळं बिचकला नाही. तीन दिवसांचा 'स्मूथ जाझ महोत्सव' ठरला. पुण्याहून चार जण आले: ड्रम, बेस, कीबोर्ड आणि सॅक्सोफोनवाला श्रेयस. ऐकायला यवतमाळ, वाशीम, परभणीकडून आमच्यासारखे पाच-पंचवीस वेडे आले. आपण एवढे आहोत हे आम्हाला तेव्हाच कळलं. बाकी हॉल सेनगावनं भरला. बाप्ये डावीकडं, बाया उजवीकडं, चपला बाहेर. स्टेजवर नवरा-नवरीचा लाल सोफा तसाच, तो काढायचं कुणाला सुचलं नाही.

पहिल्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मी श्रेयसला चहापाशी गाठलं. "ते विमावाल्या फोनवरचं तुमाला येते काय?"

त्यानं कप खाली ठेवला. "तुम्हाला ते कुठून माहीत?"

"सगळ्या जिल्ह्याला माहीत हाय. पाठ हाय म्हना."

"ते माझंच आहे," तो म्हणाला आणि लाजला. "सुरुवातीच्या काळात केलं होतं. विकून टाकलं. स्टेजवर कधी वाजवलं नाही. लोक हसतील असं वाटतं."

"मी न्हाई हसनार. मला फक्त त्याच्या पुढचं ऐकायचं हाय. शेवटपर्यंत."

त्यानं कप परत उचलला. मग म्हणाला, "शेवटच्या दिवशी, सगळ्यात शेवटी. तुमच्यासाठी."

त्या रात्री मला झोप आली नाही, ह्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते पुढचं. आमच्याकडं कार्यक्रम म्हणजे सत्कार. वाजवणं, गाणं, कीर्तन, क्रिकेट, काहीही असो, मधे शाल-श्रीफळ पाहिजेच. आणि एकाचा केला की दुसऱ्याचा करावाच लागतो, नाहीतर तो माणूस तुमच्या घरच्या मयतीलाही येत नाही. पहिल्या दिवशी अर्धा वेळ सत्कारात गेला. ज्यांचं नाव राहिलं ते रुसले, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांचे. त्या नादात आणखी लोक रुसले. तिसऱ्या दिवशी त्यांचे, अधिक प्रमुख पाहुण्यांचे, जे अजून रस्त्यातच होते.

तिसऱ्या दिवशी दिवस कलायला लागला तरी श्रेयस सोफ्यावर नवरदेवासारखा बसलेला, मांडीवर सॅक्सोफोन. दिवस बुडाला की त्यांना नांदेडहून पुण्याची रेल्वे धरायला निघायचं होतं. माइकवर वैजनाथ सर, शाळेत मराठी शिकवतात. प्रत्येक नावाला एक ओळख, एक शेर, मग शाल, मग नारळ, मग फोटो. फोटोवाल्याचा फोटो हलला की शाल काढून परत घालायची. माझ्या शेजारी माझी याडी मिराबाई, म्हणजे माझी आई, घोरायला लागली होती.

मी उठले आणि स्टेजच्या कडेला गुलाबचंदकडं गेले. "दादा, बंद करा हे. वाजवू द्या त्यायला."

"मिना, तुला समजत न्हाई," तो दातातल्या दातात बोलला. "हे वाजवनारे आज जातील. ह्या लोकायमधी मला ऱ्हायचं हाय. धंदा करायचा हाय."

खोटं बोलत नव्हता, म्हणूनच जास्त राग आला. "तुमचं लगन कसं लागलं होतं?"

"आता लगन कुठून आलं मधातच?"

"सामुदायिक. एक मांडव, एकच मंगलाष्टक, पन्नास-साठ जोडपी. तुमच्या बायकोला काही कमी पडलं काय? लगन एकदम लागते, तर सत्कार काहून न्हाई लागत?"

त्यानं हो म्हटलं नाही. नाही म्हणायच्या आत मी माइककडं निघाले.

वाटेत राधाकृष्णकाकांनी माझा हात धरला. कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध. पुढचं नाव त्यांचं होतं. त्यांची सून आणि नात अनुश्री समोरच्या रांगेत मोबाइल धरून बसलेल्या. माझ्या बाजूचा माणूस, रविवारी जीपमध्ये डोळे पुसणारा, तोही सत्काराच्या रांगेत लागला होता, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मिनाताई, माझ्यानंतर करा काय करायचं ते."

"काका, तुमच्यानंतर जो हाय तोबी हेच म्हननार."

"अहो, सगळी नोकरी झाली, कोणी एक नारळ दिला न्हाई. निरोप समारंभाच्या दिवशी साहेबाला मीटिंग होती. फक्त माझं नाव घेऊ द्या."

"तुमी जाझ ऐकायला आलात का नारळ घ्यायला?"

हे मी बोलले. फार कडक बोलले, पण परत आला तो क्षण तर परत तेच बोलेन. काकांनी हात सोडला, खांद्यावरचं उपरणं नीट केलं आणि मधल्या वाटेनं सरळ दारापर्यंत गेले. बाहेर पायरीवर पाठ करून बसले. मी एकदा दाराकडं बघितलं. पाय मात्र माइकपर्यंत गेले.

वैजनाथ सरांच्या हातून मी माइक घेतला. "ऐका हो मंडळी! सगळ्यांचा मान सारखा, मागंपुढं कोणी न्हाई. आता सामुदायिक सत्कार होईल. शाली वाटा. ज्यायला भेटली त्यायनं शेजाऱ्याच्या खांद्यावर टाका. सर, म्हना तुमचा शेर!"

क्षणभर वाटलं, मारतात आता. तेवढ्यात शंकरसिंग मागून ओरडला, "बराबर हाय ताई! कुर्यात सदा सत्कारम्!" हॉल हसला, आणि हसलेला हॉल कुणाचं ऐकत नसतो. शालींचे गठ्ठे फुटले. गावच्या देशमुखांच्या घरच्या बाईंनी उजवीकडं बघितलं, शेजारी माझी याडी झोपलेली. तिच्यावर शाल टाकली तर ती दचकून उठली आणि तीच शाल तिनं बाईंच्या गळ्यात घातली. नारळ एकानं दिला, दुसऱ्यानं परत दिला. वैजनाथ सर घाम पुसत मंगलाष्टकाच्या चालीत शेर म्हणत होते. नेमके त्याच गोंधळात प्रमुख पाहुणे आत आले. त्यांना पहिली शाल घातली ती चहावाल्यानं. ते बिचारे हात जोडून जिथं जागा मिळाली तिथं बसले. भाषण करायला त्यांना कोणी सांगितलंच नाही.

गुलाबचंद माझ्याजवळ आला. "मोठी हिकमतीची हायस तू. उद्यापासून माझ्या दारात येऊ नको."

"उद्याचं उद्या. आज बसा खाली."

मी जागेवर जाऊन बसले. श्रेयस उठला. सोफा मागं ढकलला.

आणि ती धून सुरू झाली. ओळखीच्या पहिल्या सुरालाच मागं खसखस पिकली. "अरे, आपला विमा!" कुणी म्हणालं, "एक दाबा!" मी मागं वळून बघितलं तसे गप झाले. मग ते आपोआपच गप राहिले. कारण फोनच्या त्या डब्यातून जे यायचं ते ह्याचं हाडकुळं पोर होतं. इथं तो सूर पुऱ्या अंगाचा होता, खाली बेस चालत होता, ड्रमवर झाडूसारखी काडी फिरत होती. ती वर चढली. दम घेतला. माझा हात आपोआप कानाशी गेला, आता कोणीतरी बोलणार म्हणून. कोणी बोललं नाही. ती पुढं गेली.

पुढं काय होतं ते मला लिहिता येणार नाही, आणि येतं असं सांगणारा लबाड आहे. एवढं सांगते, की उतार होता, आणि उतरताना घाई नव्हती.

मग ती परत पहिल्या सुरावर आली. परत चढली, उतरली, परत पहिल्यावर. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मला कळेना. श्रेयसनं सॅक्सोफोन तोंडातून काढला. मागचे तिघं वाजवत राहिले. तो माइकवर बोलला.

"ताई, मी त्या दिवशी अर्धंच सांगितलं. ह्याला शेवट नाहीच. विमा कंपनीची अटच होती, धून कुठंही तोडता यावी आणि कधी संपू नये. आजपर्यंत मला वाटलं, इथं उभा राहिलो की सुचेल. नाही सुचत."

माझं डोकं फिरलं. म्हणजे आम्ही ताटकळत बसावं, म्हणून कुणीतरी मोजूनमापून बनवून घेतलेली वस्तू होती ती. तांड्यावरची माणसं फोन कानाला लावून बांधावर उभी, आणि त्यांच्या कानात न संपणारं घातलेलं. आणि मी वेडी त्याचा शेवट शोधत होते.

"तुम्हीच सांगा कुठं थांबायचं," श्रेयस म्हणाला. "तुमचा हात वर झाला की आम्ही थांबू. तुमच्या हातावर संपेल ते."

सगळा हॉल माझ्याकडं वळला. बाया, बाप्ये, प्रमुख पाहुणे, गुलाबचंद. मी खुर्चीत ताठ बसले. श्रेयसनं परत तोंडाला लावला.

ह्या वेळी ती तीच नव्हती. ह्या वेळी तोही वाट बघत होता, आणि वाट बघणारा माणूस वाजवतो ते वेगळंच निघतं. उतारावर तो बाजूला वळला, जिथं फोनवर कधी गेला नव्हता तिथं गेला, कीबोर्डवाला हसून त्याच्या मागं धावला.

बाहेर गाडीनं हॉर्न दिला. नांदेड. ड्रायव्हर दारात येऊन घड्याळ दाखवायला लागला. गुलाबचंद मला डोळ्यांनी खुणावत होता, कर, कर हात वर. शंकरसिंग उठला, ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तू जा घरी. सामान माझ्या जीपमधी टाक. हुकली गाडी तर पुण्यापर्यंत सोडून येतो." ड्रायव्हर गेला तशी दारातली जागा रिकामी झाली, आणि तिथं राधाकृष्णकाका उभे होते. अंगावर शाल नव्हती, हातात नारळ नव्हता. डोळे लाल. माझ्याकडं रागानंच बघत होते.

"मिनाताई," ते तिथूनच ओरडले, "एवढ्यात हात वर करसाल तर याद राखा!"

मी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि बसून राहिले.