मापापुरती

"अजून मागं! त्या कातळावर चढ!" सदाशिव कॅमेऱ्याच्या तिपाईमागून ओरडला.

समोरच्या सोंडेवर प्रमिलाने लाल पातळाचा पदर खोचला आणि ती कातळावर चढली. खानवेलच्या वरचा हा डोंगर, त्याच्या मागे एकामागे एक निळ्या रांगा. सिल्वासाहून पहिली बस पकडून दोघं आली होती. लाकडी तिपाई नेहमीप्रमाणे प्रमिलाने डोक्यावर चुंबळ ठेवून वर आणली होती. डोंगराच्या फोटोत मापाला एक माणूस हवं, नाहीतर त्याची उंची कळत नाही, हे सदाशिवचं शास्त्र. आणि दर रविवारी फुकट उभं राहणारं माणूस बायकोशिवाय कोण मिळणार?

तेवढ्यात खाली शेतात कुणीतरी पालापाचोळा पेटवून राब भाजायला घेतला. दरी धुराने भरली. सदाशिव चडफडत बसला. रोलमध्ये शेवटचे दोन फोटो उरले होते. प्रमिला उन्हात तशीच उभी. मग अचानक वारा सुटला, धूर फाटला आणि मागच्या रांगा धुऊन काढल्यासारख्या समोर आल्या. सदाशिवने कळ दाबली. या एका क्षणासाठी तो सहा दिवस स्टुडिओत लोकांच्या हनुवट्या वर-खाली करत बसत असे.

प्रमिला घामाघूम होऊन परत आली. "एक फोटो उरला ना? माझा काढा. तोंड दिसेल असा, जवळून."

"ऊन डोक्यावर आलंय. डोळ्यांखाली सावल्या पडतील. स्टुडिओत काढू, निवांत."

"लोकांना दुरून डोंगर साजरे. तुमाले त बायकोपण दुरूनच साजरी!"

सदाशिव हसला. उरलेला फोटोही त्याने डोंगराचाच काढला. माणूस चांगला होता हो, पण त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

धूर फाटल्यावरचा तो फोटो मात्र असा उतरला की एका कारखान्याने तो कॅलेंडरवर छापला. तिथले पुण्याचे इंजिनियर राजेंद्रसाहेब मुद्दाम स्टुडिओत आले. म्हणाले, "हा लाल ठिपका आहे ना, म्हणून डोंगर एवढा मोठा वाटतो." सदाशिवने त्याची मोठी प्रत काचेत बसवून दर्शनी भिंतीवर लावली. प्रमिला ती काच रोज पुसायची. सामरवरणीच्या कारखान्यांतली पोरं ओळखपत्राच्या फोटोसाठी यायची, त्यांना ती स्टुडिओतला एकुलता एक कोट झटकून द्यायची, गाठ मारून ठेवलेला टाय अडकवायची. स्टुडिओ पुढे, घर मागे. चूल आणि फोटोचं स्टूल यांच्यामध्ये एक पडदा होता. तो ओलांडून ती एकदाही त्या स्टुलावर बसली नाही, कारण गिऱ्हाईक संपेपर्यंत भात करपायची वेळ व्हायची आणि सदाशिव म्हणायचा, उद्या.

त्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. आठवडाभरात प्रमिला गेली.

तार शिरपूरकडच्या तिच्या माहेरगावी उशिरा पोचली. तिची आई तानूबाई आली तेव्हा चिता विझून गेली होती. म्हातारी दारातच बसली. "जवाईबापू, फोटोमा तरी माले तिनं तोंड दखाडा."

सदाशिवने घर उलटंपालटं केलं. लग्नात फोटो काढायला कुणी नव्हतं. ट्रंकेत निगेटिव्हच्या गुंडाळ्या होत्या आणि प्रत्येकीत प्रमिला होती. कुठे कड्यावर, कुठे ओढ्यापलीकडे, तांदळाच्या दाण्याएवढी. तो अंधारखोलीत शिरला. कातळावरची प्रमिला मोठी करत गेला. पातळाची घडी दिसली, खांदा दिसला. चेहरा वाढवावा तसे नुसते कण होत गेले. गावातल्या निम्म्या लोकांचे चेहरे ज्या खोलीत उमटले, तिथे तो तोंडात रुमाल कोंबून रडला.

दुखवटा संपवायच्या, गंधमुक्तीच्या दिवशी पाटावर डोंगराचा फोटो ठेवावा लागला. शेजारची भिमाबाई पुटपुटली, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!" सदाशिवने ते ऐकलं आणि मान खाली घातली.

तानूबाईने काचेला नाक लावलं. "मनी पोर कोठे शे?"

"ही काय. या कातळावर." सदाशिवने बोट ठेवलं.

म्हातारीने डोळे बारीक केले, काचेवरून हात फिरवला. तिला डोंगरच दिसत होता. मग तिने करंडा ओढला. लेक सवाष्ण गेली होती. "बोट तठेच ऱ्हाऊ द्या," म्हणाली आणि त्याच्या नखाशी नेम धरून तिने कुंकू टेकवलं.

सदाशिवने बोट काढलं. कुंकवाखाली पातळ गेलं, कातळ गेला, प्रमिला सगळीच्या सगळी झाकली गेली. पुसायला त्याचा हात पुढे झाला.

तानूबाई भिंतीपर्यंत मागे सरकली होती. तिथून तिने टक लावून पाहिलं. "आते दिसनी, ती दखा मनी पोर," ती म्हणाली आणि तोंडात पदर धरून रडू लागली.

सदाशिवने हात मागे घेतला. मग झेंडूचा हार उचलला आणि ठिपका झाकणार नाही अशा बेताने फोटोला घातला.