मोतिया रंगाची पालखी

“ब्रेक, बाई, ब्रेक! तो न्हय, बाजूचो, बाजूचो!”

गाडी आचका देऊन थांबली. समोर वाळूत एक उपडी घातलेली होडी होती आणि होडीच्या पाठीवर एक कुरव पक्षी बसला होता. गाडीचं नाक हातभर अंतरावर येऊन ठेपलं, तरी तो पठ्ठ्या जागचा हलला नाही.

“ओरडतंस कित्याक, मेल्या? थांबलंय मां मी?” उम्म ताहिर डोक्यावरून घसरलेला काळा अबाया सारखा करत म्हणाल्या, आणि मग आपल्याच फजितीवर खदखदून हसल्या.

“तुमी थांबलात, बाई. पण माझा काळीज त्या होडयेवर जाऊन बसला,” बाळाजी कपाळ पुसत म्हणाला.

ऊन उतरलं की बहरीनमधल्या बुसैतीनच्या किनाऱ्यावर ही शाळा भरायची. शिकणारी पंचावन्न वर्षांची अरब विधवा, शिकवणारा देवगडकडचा बाळाजी परब, आणि पाटी म्हणून वीसेक फूट लांब, मोतिया रंगाची कॅडिलॅक.

अरब बाईच्या तोंडी मालवणी कुठून आली, ते आधी सांगायला हवं. उम्म ताहिर म्हणजे ताहिरची आई. त्यांचं नाव अकीला. त्यांचे वडील मोत्यांचे व्यापारी. बहरीनचा मोती मुंबईच्या बाजारात विकला जायचा, त्या काळात ते बिऱ्हाड घेऊन मुंबईलाच राहत. तिथे लहानग्या अकीलाला सांभाळायला मालवणची रखमा नावाची आया होती. मूल ज्या मांडीवर वाढतं तिथली भाषा उचलतं. पुढे मोत्यांचा धंदा बसला, बिऱ्हाड परत आलं, रखमा तिथेच राहिली. पण तिच्या शिव्या आणि म्हणी अकीलाबरोबर समुद्र ओलांडून आल्या. बाळाजी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या नोकरीसाठी या घरात उभा राहिला, तेव्हा मालक, म्हणजे अकीलाचे यजमान, हिंदीतून चौकशी करत होते. इतक्यात पडद्याआडून बायकी आवाज आला, “खयचो रे तू?” बाळाजीच्या हातातली टोपीच खाली पडली. परमुलखात माणसाला देव असा भेटतो, कधी पडद्याआडूनही.

कॅडिलॅक आली ती शहात्तर साली. मालकांनी रंग मोतिया निवडला, सासऱ्यांच्या धंद्याची आठवण म्हणून. त्याच आठवड्यात बाळाजीला बाजारातून काळे बूटही घेऊन दिले; एवढ्या गाडीचा ड्रायव्हर चपलेत शोभत नाही म्हणाले. बाळाजीने गाडीला एक प्रदक्षिणा घातली. मग नवे बूट काढून डिकीत ठेवले, पाय धुतले, आणि अनवाणीच स्टिअरिंगवर बसला.

“अरे, क्या हुआ?” मालकांनी विचारलं.

“साब, गावात आमच्या घराण्याकडे देवाच्या पालखीला खांदा द्यायचा मान हाय. पालखी चपला घालून उचलत नाय. और भोई पालखीत बैठता नहीं,” त्याने दोन्ही भाषा एकत्र कालवून सांगितलं.

मालक हसले; पण त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. तेव्हापासून नियम पडला. बूट डिकीत. गाडी सुरू करण्याआधी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा. आणि मागच्या गादीवर कधी टेकायचं नाही; ती झाडायचीसुद्धा बाहेर उभं राहून.

उम्म ताहिरना त्याचं हे नेमधर्माचं वागणं मनातून आवडे. त्या रमजानचे रोजे धरत, तेव्हा बाळाजी घरच्यांच्या नजरेसमोर पाण्याचा घोटही घेत नसे. श्रावणात सोमवारी संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून त्याच्यासाठी खजूर आणि दूध येई. “आमचो उपास खजुराक सुटता, तुमचोय सुटांदे,” त्या म्हणत.

मालक जाऊन दोन वर्षं झाली. दर गुरुवारी उम्म ताहिर त्यांच्या कबरीवर फातिहा म्हणायला मुहर्रकला जात, त्या याच गाडीतून. मागच्या गादीला अजून मालकांच्या उदाचा मंद वास होता. तो वास जाऊ नये म्हणून त्या काचा खाली घेऊ देत नसत.

आणि अशातच गावाहून मालूची कॅसेट आली. बाळाजीची बायको कॅसेटमध्ये बोलायची ती समोर बसून भांडल्यासारखी. “इतकी वर्सां त्या गाडयेक धुतलात, आता हय येऊन माझा तोंड बघा. सवत परवाडली, ती बोलता तरी. ही नुसती चकाकता! आणि शिमग्याक पालखयेक खांदो कोण देतलो? तुकारामभाऊंचो खांदो दुखता.”

बाळाजीने शिमग्याआधीच्या शुक्रवारचं तिकीट काढलं. कायमचं.

हे कळताच ताहिर माहूजहून बायकोला, इशरतला, घेऊन आला. तो बँकेत होता, हिशेबी माणूस. “अम्मी, बाळाजी गेल्यावर ही बोट चालवणार कोण? नवा ड्रायव्हर तुला चालत नाही. माझ्याकडे जपानी गाडी आहे, पेट्रोलही कमी पिते. कॅडिलॅकला गिऱ्हाईक तयार आहे.”

“मी चालवीन,” उम्म ताहिर म्हणाल्या.

ताहिर हसला. “बाळाजी जायच्या आत तू लायसन घेऊन दाखव. गाडी तुझी.”

“शब्द दिलास हं,” इशरत पटकन म्हणाली. ती स्वतः गाडी चालवत शाळेत शिकवायला जायची. तिने सासूकडे पाहून डोळा बारीक केला.

पहिल्या दिवशी मात्र उम्म ताहिर स्टिअरिंगसमोर बसल्या आणि त्यांचे हातच उचलेनात. “बाळाजी, ह्या बाप्यांचा काम. माका जमाचा नाय.”

बाळाजीला हूऱ्यातल्या गॅरेजवाल्या मुनाफची गोष्ट आठवली. कॅडिलॅकची पुराणं मुनाफला तोंडपाठ होती.

“ऐका, बाई. आदी गाडी चालू करूक फुडसून हँडल मारूचा लागी. उलटा फिरला तर हात मोडी. अमेरिकेत एका बाईची गाडी वाटेत बंद पडली. एक भलो माणूस मदतीक गेलो, हँडल उलटा येऊन त्याच्या जबड्याक लागला, आणि तो त्यातच गेलो. तो कॅडिलॅकच्या मालकाचो दोस्त. मालकान सांगल्यान, आता माझ्या गाडयेक हँडल नको. आणि कंपनीन बटणावर चालू होणारी गाडी काढल्यानी. त्याच्यानंतर बायका चालवूक लागले, असा मुनाफ सांगता.”

उम्म ताहिरनी किल्लीवरून बोट फिरवलं. “बायल माणसाक मदत करूक गेलो आणि मेलो?”

“होय.”

“मगे त्याच्यासाठी तरी शिकाक होयां,” असं म्हणून त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं, बाळाजीसारखाच स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला, चपला काढल्या, आणि किल्ली फिरवली.

त्यानंतर किनाऱ्यावर रोज नवी गंमत. गाडी वाळूत रुतायची, ती ढकलायला कोळी धावत यायचे. “यल्ला, हज्जिया!” म्हणजे ‘चला, हाजीबाई!’ असं ओरडायचे. दमल्यावर दोघं गाडीच्या सावलीत चहा पीत, आणि बाळाजी मुनाफची पुराणं सांगे. इंग्लंडात एकदा तीन कॅडिलॅक पार सुट्या केल्या, सगळे भाग एकमेकांत मिसळले, आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या, तिन्ही धावल्या.

“त्यात काय मोठा?” उम्म ताहिर म्हणाल्या. “माझ्या तोंडात रखमाची जीभ बसयली, चलता मां?”

गाडीच्या बिल्ल्यावर सहा काळी बदकं होती, इवलीशी. त्यांना ना चोच, ना पाय.

“पाय नाय, तर ती उतारतत खय?”

“उतरणत नाय म्हणे. उडतच ऱ्हवतत.”

“म्हणजे तुमी गल्फवाले,” त्या म्हणाल्या. बाळाजी हसला, पण त्याने चहाचा पेला उगीचच वाळूत फिरवत ठेवला.

शनिवारी परीक्षा. वाहतूक खात्याच्या मैदानात तेलाची रिकामी पिंपं मांडून वाट आखलेली होती. बाळाजी भिंतीपाशी उभा राहून रामरक्षा पुटपुटत होता. हवालदार शेजारी बसला, आणि त्याची नजर खाली गेली.

“हज्जिया, पायात काही नाही?”

“आहे, डिकीत आहे.”

“डिकी परीक्षा देणार आहे का? बूट घाला. बुटांशिवाय परीक्षा नाही.”

भिंतीपाशी बाळाजीची रामरक्षा अर्ध्यावर थांबली. इतके दिवस बाईंनी ब्रेक ओळखला तो अनवाणी तळव्याने. त्यांनी डिकीतले आपले बूट काढून घातले, किल्ली फिरवली. पुढे काय झालं ते हूऱ्यापर्यंत पोचलं. कॅडिलॅक मस्तवाल बैलासारखी उसळली, पिंपाला धडकली, आणि पिंप गडगडत थेट हवालदाराच्या साहेबाच्या खुर्चीपर्यंत गेलं. साहेबांनी पाय वर घेतले.

“बुधवारी या,” हवालदार टोपी सारखी करत म्हणाला.

परत येताना बाळाजीच गाडी चालवत होता, अनवाणीच.

“चूक माझी, बाई,” बुसैतीन जवळ आल्यावर तो म्हणाला. “माझो नेम तुमच्या वाटेत आडवो इलो.”

“मगे उद्या बूट घालून शिकव.”

“मी? ह्या गाडयेत?” त्याने गाडी कडेला घेतली. “पालखीत बूट घालून कोण जाता, बाई?”

“अनवाणी माणूस बुटातलो ब्रेक कसो शिकवतलो?”

समोरच्या रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला, मग एक बकऱ्यांची गाडी गेली.

“ऐक,” उम्म ताहिर मागून हळू आवाजात म्हणाल्या. “मागच्या रमजानात माका ताप होतो. तू काय सांगलंस? आजाऱ्यान रोजो सोडलो तर देव रागावणा नाय, मगे भरून काढा. सांगलंस मां? आता तुझ्या देवाकडे तेवढीच माफी नाय?”

बाळाजीने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. “आसा, बाई,” तो म्हणाला. “माफी आसा.”

दुसऱ्या दिवशी त्याने डिकी उघडली, बूट बाहेर काढले, पुसले, आणि पायात घातले. बसण्याआधी स्टिअरिंगला दोनदा हात लावून कपाळाला लावला. एकदा रोजचा, एकदा माफीचा. आणि गाडी सुरू केली मात्र, त्यालाच ब्रेकचा अंदाज येईना! पायाखाली जणू लाकडाची फळी बांधलेली. गाडी बेडकासारख्या उड्या मारायला लागली.

“शिक मेल्या, शिक!” शेजारी बसलेल्या उम्म ताहिर हसून हसून डोळे पुसत होत्या. “आता माका बरा वाटला. मास्तर पण नापास!”

तीन दिवस दोघं मिळून शिकले. बुटात वाळू गेली, पायाला फोड आले.

बुधवारी पिंप तिथेच होतं, कमरेत पोचा घेऊन. उम्म ताहिरनी त्याला असा वळसा घातला, जसा घरच्या ज्येष्ठाला मान देऊन घालावा. गाडी उलटी घेतली, चढावर थांबवली, पुन्हा सोडली. हवालदाराने शेवटी पायांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “मबरूक, हज्जिया,” त्याने अभिनंदन केलं. “आणि कुणी शिकवलं असेल त्यालाही मबरूक.”

त्या संध्याकाळी ताहिरने गाडीची दुसरी किल्ली आईच्या हातात ठेवली. इशरतच सगळ्यांच्या वतीने बोलत होती.

शुक्रवारी नमाजानंतर बाळाजीची ट्रंक डिकीत चढली. उम्म ताहिरनी डिकी लावून घेतली आणि किल्ली आपल्या मुठीत धरली. बाळाजी सवयीने पुढच्या दाराकडे वळला.

“थय नाय. मागे.”

“बाई, भोई पालखीत बसणा नाय.”

“पालखीत कोण बसता?”

“देव.”

“आणि घराकडसून निघालेलो पावणो कोण असता? रखमा काय सांगी?”

रखमा काय सांगत असेल, ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाळाजीने मान खाली घातली. दारापाशी येताच हात आपोआप बुटांकडे गेले. पण डिकी तर बंद. मग त्याने ते काढून छातीशी धरले, पाय एकमेकांवर घासून पुसले, आणि मागच्या गादीच्या अगदी कडेला टेकला. बूट मांडीवर घेतले.

उदाचा वास आला. पुढे स्टिअरिंगला एक हात लागला आणि काळ्या अबायाखालच्या कपाळाकडे गेला. गाडी हलली, ती त्याला कळलीच नाही. रस्त्यावरचा खड्डा ओळखीचा होता, रोज तो त्याला चुकवायचा. आज बाईंनी तो चुकवला नाही, तरीही काही कळलं नाही, नुसती झुळूक आल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपण काय वाहत होतो, हे त्याला आज आत बसल्यावर उमगलं. हळूहळू त्याने पाठ टेकली.

विमानतळ जवळच. ट्रंक उतरवून झाली.

“यल्ला, जा आता,” उम्म ताहिर काच खाली करून म्हणाल्या. “आणि मालूक सांग, तुझी सवत मी हय ठेवून घेतलंय.”

“सांगतंय, बाई. ब्रेक हळू दाबा.”

“गप बस, मेल्या.”

मोतिया रंग उन्हात वळला. डिकीवरचा बिल्ला एकदा चमकला, आणि गाडी बुसैतीनच्या रस्त्याला लागली. सरळ, सावकाश, काच उघडीच.

बाळाजी फूटपाथवर अनवाणी उभा होता. तळवे पोळायला लागले तेव्हा तो भानावर आला आणि ट्रंकेवर बसला. झाडण्यासाठी त्याने बूट उलटा केला, तर किनाऱ्यावरची बारीक पांढरी वाळू कडेला येऊन सांडायच्या बेतात थांबली. त्याने बूट पुन्हा सरळ धरला, आणि वाळूसकट पायात घातला.