सोमवारचा डबा

माझी जीभ तिखट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माझा नवरा परेश वापीला एका कंपनीत होता आणि फक्त शनिवार-रविवार घरी यायचा, त्यामुळे त्याला माझ्या जिभेचा प्रसाद बेताचाच मिळायचा. उरलेले दिवस माणिकपूरहून उमेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत तिघंच. मी, आठ वर्षांची उन्नती आणि माझे सासरे, आप्पा. आप्पा म्हणजे रामनाथ, गुहागरचे निवृत्त पोस्टमास्तर. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं होतं.

नव्याण्णव सालच्या जानेवारीत उन्नतीला कावीळ झाली. बारा दिवस ती दवाखान्यात होती आणि साठवलेलं सगळं त्या बारा दिवसांत संपलं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं, "वर्षभर हिला जपा. बाहेरचा एक घास नको. पोट बिघडलं तर लिव्हर पुन्हा उलटेल, आणि या वेळी मी हमी देणार नाही." मी पतपेढीत कारकून, सकाळी नऊला बाहेर पडणार आणि संध्याकाळी सातला येणार. रोज ताजा चारीठाव स्वयंपाक करायला मला ना वेळ होता, ना ऐपत. मग मी फ्रीजरच्या मागे लागले.

रविवारी अकरा वाजता बाजार उतरला की कोळणी उरलेले वाटे पडत्या भावात देतात. तेव्हा जायचं, आठवड्याची मासळी आणि भाजी एकदम आणायची, दुपारभर रांधायचं आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरून गोठवायचं. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून वार लिहायचा. सोमवारी सोमवारचा डबा निघणार, मंगळवारी मंगळवारचा. महिन्याचा खर्च खरंच खाली आला. डॉक्टरांनाही विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, "पक्कं गोठलेलं चालेल. पण एकदा वितळलं की संपवायचं. वितळलेलं पुन्हा गोठवून पोरीला घालाल तर विष घालाल."

आप्पा मात्र नाक मुरडायचे. "बर्फात प्रेत ठेवतात," म्हणायचे, आणि स्वतःपुरता वरणभात स्वतः लावून घ्यायचे. मीही म्हणायचे, "प्रेतं खाऊनच तुमची नात बाळसं धरतेय." असं आमचं चालायचं.

फेब्रुवारीत त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि पेपर आणायला खाली गेले. पातेलं जळून कोळसा झालं, घरभर धूर. मी ऑफिसातून आले आणि माझं तोंड सुटलं. "पुन्हा असं काही केलंत ना आप्पा, तर तुमची पिशवी भरून नालासोपाऱ्याला जयरामभावजींकडे सोडून येईन. मला एक लेकरू सांभाळायचंय, दोन नाही." हे सगळं उन्नतीसमोर. भावजींकडे एका खोलीत पाच माणसं, हे मला ठाऊक होतं, आप्पांनाही ठाऊक होतं. ते खाली बसून जळकं पातेलं घासायला लागले. मला वाटलं, विसरले.

मार्चमध्ये चिपळूणला माझ्या मामेबहिणीचं लग्न निघालं. रविवार हातचा जाणार म्हणून मी गुरुवारीच सगळा आठवडा रांधून ठेवला. शनिवारी पहाटे उन्नती आणि बॅगा घेऊन मी पुढे खाली उतरले, मागून आप्पांनी घर बंद केलं. रविवारी संध्याकाळी सहाला परत आलो. परेश दादरहूनच वापीला गेला होता. मी उन्नतीला घेऊन दूध-भाजी आणायला वळले आणि आप्पा किल्ली घेऊन वर गेले. अर्ध्या तासाने आले तर आप्पा गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघरातली फरशी पुसत होते.

"तांब्या सांडला," ते म्हणाले.

"एक काम तुमच्याकडून सरळ होत नाही," मी म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून दुधाच्या पिशव्या घेतल्या आणि स्वतःच फ्रीजमध्ये ठेवल्या. प्रवासाने माझं अंग आंबलं होतं. मी आंघोळ करून लवकर आडवी झाले.

सोमवारी साडेपाचला उठले आणि डोळ्यांवरची झोप घेऊनच सोमवारचा डबा काढला. कोळंबीचं सुकं होतं, उन्नतीचं आवडतं. नेहमीपेक्षा मऊ लागलं, पण कढईत लसूण आणि कोकमाचा वास सुटला आणि मी विचार केला नाही. पोळ्या लाटल्या, तिच्या डब्यात दोन्ही भरलं. पावणेसातला आप्पा तिचा हात धरून तिला शाळेत सोडायला निघाले. ते सव्वासातपर्यंत परत यायचे. त्या दिवशी आले नाहीत. देवळात टेकले असतील म्हणून मी माझ्या कामाला लागले.

पावणेनऊला माझ्या डब्यासाठी फ्रीजर उघडला. वाटणाची पिशवी ओढली तर ती निघेना. गुरुवारी मी ती चपटी करून जाळीवर आडवी ठेवली होती. आता ती जाळीच्या दोन तारांमधून खाली ओघळली होती आणि तशीच लोंबकळत गोठली होती. गोठलेलं वाटण ओघळत नाही. मी बर्फाचा ट्रे काढला. खणांमध्ये अर्धवट, तिरका बर्फ. मटारच्या पिशवीतले दाणे सुटे नव्हते, त्यांची वीट झाली होती. सगळं वितळलं होतं, आणि सगळं पुन्हा गोठलं होतं.

सव्वानऊला उन्नतीची मधली सुट्टी. म्हणजे अर्धा तास.

समोरच्या हिल्डाताईंचं दार मी दोन्ही हातांनी बडवलं. त्या मूळच्या उमेळ्याच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आमच्या मजल्यावर फोन फक्त त्यांच्याकडे होता.

"शनिवार-रविवार लाईट गेली होती का?"

"नाय गो. काल दिवसभर मी टीव्ही बघत होते," त्या म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "तुझी बेल मात्र बंद आहे हां. आमची कॅरल काल दुपारी केळी घेऊन आलेली, तुम्ही आलात असं वाटून बेल दाबत राहिली. वाजलीच नाय."

बेल वाजली नाही, म्हणजे फक्त आमच्याच घरात वीज नव्हती. आणि मग मला फरशी पुसणारे आप्पा दिसले. गुहागरला कुणाचं तरी बंद घर वायर जळून पेटलं होतं, तेव्हापासून गावाला जाताना मेन स्विच खाली करायचा ही आप्पांची चाळीस वर्षांची सवय. आजवर प्रत्येक वेळी कुलूप मी लावत आले होते. या वेळी त्यांनी लावलं, आणि गावच्या हाताने मेन खाली केला. दोन दिवस फ्रीज बंद राहिला. संध्याकाळी त्यांनी मेन वर केला, फ्रीजरचं पाणी पुसलं आणि तांब्या सांडला म्हणून सांगितलं. सकाळी त्यांच्यादेखत मी तो डबा भरत होते, आणि हा माणूस शेजारी उभा राहून चहा पीत होता!

हिल्डाताई शाळेचा नंबर फिरवत होत्या. एंगेज. पुन्हा एंगेज. "तू जा, मी लावत राहते," त्या म्हणाल्या.

नाक्यावर एकही रिक्षा नव्हती. मी चालायला लागले आणि दहा पावलांत पळायला लागले. चप्पल तुटली ती हातात घेतली. माणिकपूरच्या रस्त्यावर लोक वळून बघत होते, बघू देत. डोक्यात दोनच गोष्टी चालू होत्या. एक, दवाखान्यातले उन्नतीचे पिवळे डोळे. दुसरी, आप्पांना मी काय काय बोलणार आहे. एक एक शब्द मी पारजून ठेवत होते. पिशवी आजच भरायची, परेशला संध्याकाळी फोनवर कळवायचं, त्याने हो-नाही केलं तर त्यालाही सुनवायचं.

गेटपाशी पोचले आणि सुट्टीची घंटा झाली. वॉचमन म्हणाला, "बाई, सुट्टीत पालकांना आत सोडत नाय." मी त्याला बाजूला सारलं. पटांगणात तीनशे पोरं, सगळी निळ्या गणवेशात, सगळ्यांच्या हातांत डबे. मी वेड्यासारखी नावाने ओरडत फिरत होते. उन्नती व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली दिसली. डबा मांडीवर उघडा, तोंड भरलेलं.

मी डबा तिच्या हातातून हिसकावला. त्यात कोळंबी नव्हती. गूळ-तूप लावलेली अर्धी पोळी होती आणि एक केळं.

"कोळंबी खाल्लीस? सगळी खाल्लीस? बोल!"

ती घाबरून रडायलाच लागली. "मी नाही खाल्ली. आजोबांनी घेतली."

"घेतली म्हणजे?"

"गेटबाहेरच्या बाकावर बसून माझा डबा उघडला. कोळंबी स्वतःच्या डबीत काढली आणि ही पोळी त्यांनी रुमालातून आणलेली. मी म्हटलं, मला कोळंबीच पाहिजे. तर म्हणाले, आज मी खाऊन बघतो. मला दुपारपर्यंत काही झालं नाही, तर उद्यापासून तू खा. आईला सांगायचं नाही, शप्पथ घातली मला."

मी पायरीवर बसले. पोरगी वाचली म्हणून आधी जीव भांड्यात पडला. मग तिचं वाक्य पुन्हा कानात वाजलं. खाऊन बघतो. जो माणूस बर्फातल्या अन्नाला शिवत नव्हता, तो माझ्या आठवड्याभराच्या डब्यांची परीक्षा स्वतःच्या पोटावर घेत होता. म्हणजे डबे टाकावे लागू नयेत. म्हणजे मला कळू नये.

"खाल्ली त्यांनी? तुझ्यासमोर?"

"सगळी," उन्नती म्हणाली. "तिखट लागली तरी खाल्ली."

उन्नतीला वर्गात पाठवून मी बाहेर धावले. बाकावर आप्पा नव्हते. समोरच्या केळीवाल्याला विचारलं. मग मी देवळात गेले, देवळामागच्या तळ्याकडे गेले, रिक्षा स्टँडवर गेले. स्टँडवरच्या फेबियन नावाच्या रिक्षावाल्याने सांगितलं, "टोपीवाले आजोबा ना? चर्चच्या मागच्या नळावर बसलेत. दोनदा उलटी झाली. मी बोललो घरी सोडतो, तर नको बोलले. घरी आत्ता नको, बरं वाटल्यावर जातो बोलले."

नळाच्या कट्ट्यावर आप्पा भिंतीला टेकून बसले होते. सदरा पुढून ओला, तो त्यांनी तिथेच धुतलेला दिसत होता. चेहरा पांढराफटक. मला बघितल्यावर त्यांनी उठायचा प्रयत्न केला. मी आईशपथ सांगते, एवढं घाबरलेलं म्हातारं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मरणाला घाबरलेले नव्हते.

"ऊन लागलं जरा," ते म्हणाले. "तू ऑफिसला जा. तुझा खाडा होईल."

पारजून ठेवलेल्या शब्दांतला एकही मला सापडला नाही. फेबियनने आणि मी त्यांना दोन बाजूंनी धरून रिक्षात घातलं. वाटेत ते आणखी एकदा ओकले, रिक्षातच, आणि मी माझ्या पदराने पुसायला लागले.

दवाखान्यात त्यांना ताबडतोब सलाईन लावली. नाडी बारीक लागत होती. डॉक्टर तेच, उन्नतीचे. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि विचारलं, "आजोबा, काय खाल्लंत सकाळी?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "स्टेशनवर वडा खाल्ला," ते म्हणाले. "जुनं तेल असणार."

"वडाच? नीट आठवा. औषध त्यावर ठरतं."

"वडाच. दोन खाल्ले."

नर्स लिहून घेत होती. त्या क्षणी गप्प बसले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी मात्र बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज चढला नाही.

"वडा नाही, डॉक्टर. कोळंबी खाल्ली, माझ्या हातची. दोन दिवस फ्रीज बंद होता, वितळलेली पुन्हा गोठलेली. यांना ते माहीत होतं. माझ्या भीतीने खाल्ली त्यांनी."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. औषध बदलून दिलं आणि पलीकडच्या खाटेकडे गेले. नर्सने चिठ्ठीवरचा वडा खोडला आणि कोळंबी लिहिलं.

आम्ही दोघंच राहिलो. सलाईनची सुई टोचलेला त्यांचा हात चादरीवर पडला होता, मी तो धरला. लग्नाला दहा वर्षं झाली होती, त्या सकाळपर्यंत नमस्कार सोडला तर मी त्यांना कधी हात लावला नव्हता.

"चुकलं माझं," आप्पा म्हणाले. "हात आपोआप गेला मेनवर. काल तुला सांगणार होतो. दोनदा तोंडाशी आलं."

"माहीत आहे."

ते वरच्या बाटलीकडे बघत होते. मग हळूच, उन्नती विचारते तसं विचारलं, "मग इथून मी कुठे जायचं? घरीच ना?"

मी नुसती होकाराची मान हलवत होते, पण बाटलीकडे बघणाऱ्या त्यांना ती दिसली नाही, आणि माझा शब्द आला नाही याचा अर्थ लावून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

"जयरामला कळव," ते भिंतीला म्हणाले. "त्याला सांग, मला जेवायला फार लागत नाही."