मधल्या पायऱ्या

"त्या दगडाला हात लावलास तर बघ!" शेळीवाली खालूनच ओरडली.

थोरल्यानं दगडाखाली घातलेली पहार काढली नाही. मान वळवून त्यानं आईकडे पाहिलं आणि हसला. ते हसू बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आजारी बहिणीकडे काही दिवस राहून ती परत येत होती, आणि खालच्या चढावर जे पाहिलं त्यावर तिचा अजून विश्वास बसत नव्हता. एक पायरी जागेवर, दुसरी गायब. पुन्हा एक जागेवर, दुसरी गायब. उपटलेले दगड कडेला, उतारावर लोटून दिलेले. मोकळ्या झालेल्या जागेत ओली माती आणि तिच्यावर बुटांचे ठसे.

"अगं आई, आधी दम तरी खा. उद्या शर्यत आहे."

"मग पळा की! माझ्या पायऱ्यांनी तुमचं काय घोडं मारलं?"

"वरच्या कड्याचा मार्ग दरडीनं गेला. म्हणून यंदा शर्यत आपल्या वाटेनं न्यायची ठरली. केवढा मान आहे हा! पण पायऱ्या इतक्या बुटक्या, इतक्या जवळजवळ, की पळणाऱ्याचा पायच बसत नाही. सरावाला आलेले दोघं तोंडावर आपटले. समितीत विचारलं, काय करायचं? मी म्हटलं, सोपं आहे, मधल्या पायऱ्या काढून टाकू."

"तू म्हटलंस? तू?"

"मग! मधल्या पायऱ्या लागतात कुणाला? मी, बाबा, खालून येणारा कोणीही घे. आपण कायम दोन-दोनच चढत आलो."

तो खोटं बोलत नव्हता, आणि तिला त्याचाच जास्त संताप आला. त्या घरातली धडधाकट माणसं पहिल्यापासून एक पायरी सोडून चढायची. थोरला तर शाळेत जाताना उड्या मारतच उतरायचा. त्याच्या पायांना अर्ध्या पायऱ्या कधी माहीतच झाल्या नव्हत्या.

"आणि तुझी बहीण?" शेळीवालीनं विचारलं.

थोरला जरा घुटमळला. "ती येते कितीदा? तिला मी उचलून आणीन. नाहीतर खुर्चीत बसवून चौघं मिळून आणू. थाटात येईल."

"उचलून आणायला ती काय पिठाचं पोतं आहे?"

धाकटीचा उजवा पाय तान्ही असतानाच वाळला होता. शाळा खाली गावात. घरापर्यंत तेव्हा गाडीरस्ता नव्हता, आजही नाही. "आत्याकडे ठेवू, अधूनमधून भेटून येत जाऊ," असं तिच्या बापानं जेवता जेवता ठरवून टाकलं आणि हात धुतले. तो टपालवाला होता. लांब ढांगांचा, गोड बोलणारा, गावोगावी ओळखीचा. शेळीवालीनं ऐकलं नाही. ती पोरीला पाठीवर घेऊन शाळेत न्यायची. पोरं धाकटीला "गाठोडं आलं, गाठोडं आलं" म्हणायची. एक दिवस पोरगी आईच्या खांद्याला कडकडून चावली आणि म्हणाली, "मला खाली ठेव." त्या दिवसापासून शेळीवाली ओढ्यातले दगड वर आणू लागली. शेळ्यांचं दूध काढून झालं की दगड, दूध घालून आलं की दगड. टपालवाला शीळ घालत शेजारून जायचा. पायऱ्या वरच्या वळणापर्यंत पोचल्या तेव्हा पोरगी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती, आणि कुबडी टेकत, कुणाचा हात न धरता, ती आपली आपण घरी आली.

"अजून एक सांगायचं राहिलं," थोरला म्हणाला. आई खूश होईल असं त्याला खरंच वाटत होतं. "वाटेला नाव देतोय आपण. बाबांचं. पाटी रंगवून आली. उद्या शर्यत सुटायच्या आधी लावायची. धाकटीलाही बोलावून घेतलंय."

शेळीवाली हसली. 

"तुझ्या बापानं या वाटेवर थुंकण्यापलीकडे काही केलं नाही."

"आई! गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"मी जिवंत माणसाबद्दल बोलतेय. माझ्याबद्दल."

"लोकांना बाबाच माहीत आहेत गं. तुझं नाव कुणाला..." तो मध्येच थांबला.

"बोल ना. गिळलंस का?"

शेळीवाली पिशवी खाली टाकून त्याच पायरीवर बसली. "काढ. आता मला धरून काढ."

थोरल्यानं पहार खांद्यावर टाकली. "तुझं डोकं शांत झालं की बोलू."

"ते शांत व्हायचं नाही. वाट बघू नकोस."

तो गेल्यावर ती खाली उतरली आणि कडेला लोटलेला एक दगड धरून ओढू लागली. दगड हलेना. कधीकाळी तिनं एकटीनं आणलेला दगड! तिनं त्याला लाथ मारली, अंगठा ठेचून घेतला, आणि मग दगडाला, लेकाला, मेलेल्या नवऱ्याला आणि स्वतःच्या म्हाताऱ्या हातांना एका दमात शिव्या घातल्या.

सकाळी खाली टेबलं मांडली गेली. रंगीबेरंगी बूट घातलेले पळणारे आपापल्या जागी उड्या मारत अंग गरम करत होते. समितीचा शिट्टीवाला उगाचच इकडून तिकडे धावत होता. कापडानं झाकलेली पाटी झाडाला टेकून ठेवली होती. पहिल्या बसमधून धाकटी उतरली. तालुक्याच्या गावात तिचं शिवणाचं दुकान होतं, खांद्याला कातडी पिशवी, काखेत कुबडी. शेळीवालीनं तिला वरच्या वळणावरून पाहिलं.

धाकटी चढाच्या पायथ्याशी येऊन थांबली आणि नुसती बघत राहिली.

"आलीस?" थोरला धावत आला. "थांब, खुर्ची आणतो."

"कशाला?"

"तुला वर न्यायला."

"मला वर न्यायला मी आलेय ना. दादा, मधल्या पायऱ्या कुठे गेल्या?"

त्यानं शर्यतीचं सांगितलं, पळणाऱ्यांचं सांगितलं, पाटीचं सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. धाकटीनं कुबडी रोवून पाय उचलून बघितला. पाय पायरीच्या निम्म्यापर्यंत गेला आणि खाली आला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली आला. थोरल्यानं तिच्या काखेत हात घातला, तसा तिनं कुबडीचा फटका त्याच्या मनगटावर मारला.

"पुन्हा हात लावलास तर डोक्यात घालीन."

मग ती डोंगराकडे पाठ करून पायरीवर बसली. कुबडी मांडीवर आडवी घेतली. दोन्ही हात मागे, वरच्या दगडावर टेकले आणि अंग वर ओढलं. पुन्हा हात मागे, पुन्हा अंग वर. तोंड खाली होतं, त्यामुळे सगळा वेळ ती भावाकडेच बघत होती. तिनं नजर हलवली नाही, आणि त्याला हलवता आली नाही.

"ताई, मदत करू का?" शिट्टीवाल्यानं विचारलं.

"तुम्ही शिट्टी वाजवा."

पळणारे उड्या मारायचे थांबले. काहीजण वाकून बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधू लागले.

वर शेळीवालीच्या मुठी इतक्या आवळल्या होत्या की नखं तळव्यात रुतली. पण ती एक पाऊल खाली उतरली नाही. आपण गेलो तर पोरीचं पुन्हा गाठोडं होईल, हे तिला ठाऊक होतं.

धाकटी वर पोचली तेव्हा तिचे तळवे सोलून निघाले होते. कपड्यांना मागून माती लागली होती. तिनं ती झटकली नाही, आईनंही झटकली नाही.

"पाणी दे," ती म्हणाली.

तिचं पाणी पिऊन होईपर्यंत शेळीवाली थांबली. मग वळणावर उभी राहून अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडली, "ए थोरल्या! दगड उचल!"

"आजी, शर्यत सुटायची वेळ झाली," शिट्टीवाला खालून म्हणाला. "आणि पाटीचं काय करायचं?"

"सुटू दे शर्यत," शेळीवाली म्हणाली. "याच वाटेनं येणार ना? आम्ही इथंच आहोत."

थोरल्यानं दगड छातीशी धरून वर आणला. सर्वात वरच्या मोकळ्या जागेत बसवला आणि घाम पुसत बाजूला झाला. त्याला वाटलं, झालं.

"पाय ठेव," शेळीवाली लेकीला म्हणाली.

धाकटी बसूनच त्या दगडाच्या खालच्या पायरीवर उतरली आणि कुबडी टेकून उभी राहिली. तिनं वाळलेला पाय उचलला. बोटं दगडाच्या कडेला थडकली.

"उंच आहे."

थोरल्यानं दगड काढला, गुडघ्यावर बसून हातांनी माती उकरली, दगड परत बसवला. खाली शिट्टी वाजली होती. पहिले पळणारे वळणाच्या खाली येऊन थांबले, मग त्यांच्यामागे आणखी आले, आणि वाटेवर रांग लागली. एकजण जागच्या जागी पाय हलवत होता, तोही थांबला.

धाकटीनं पाय उचलला. कडेला थडकला.

"अजून," ती म्हणाली.

थोरल्यानं दगड पुन्हा बाहेर काढला.