सगळ्या गल्लीने हात लावलेला चार्जिंग पोर्ट

मित्रांनो, विजेवर चालणाऱ्या गाडीच्या कुशीत एक लहानसे झाकण असते. ते उघडले की आत जे तोंड दिसते, तो मी. मी एक जुना चार्जिंग पोर्ट आहे. माझा निळा रंग उडाला आहे आणि कडा घासून पांढऱ्या पडल्या आहेत. रस्त्यावर आता माझ्यासारखे पुष्कळ दिसतात, आणि लोक मला त्यांची नक्कल समजतात. पण त्या सगळ्यांच्या आधी मी होतो. ते आता सांगून काही मिळायचे नाही, तरी तुम्हांला सांगतो.

माझा जन्म लेथ यंत्रावर लोखंड कातणाऱ्या एका लेथवाल्याच्या वर्कशॉपमध्ये झाला. खाली वर्कशॉप आणि वर घर. जिन्यावर नेहमी तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असे. लेथवाल्याची आयुष्यभराची कमाई म्हणजे त्याचे दोन हात, आणि त्यांतला उजवा अर्धांगवायूच्या झटक्याने लुळा पडला. मग वर्कशॉप मुलीने हातात घेतले. गल्ली तिला खटपटी म्हणे. लहानपणी तिने भिंतीवरचे घड्याळ उघडून पुन्हा जोडले होते. शेवटी दोन चाके उरली, आणि घड्याळ तरीही चालू लागले!

त्यांची माल पोचवायची एक छोटी टेम्पोसारखी मालगाडी होती, विजेवरची. ती चालवायची मुलगी, पण वीज भरण्याचे काम बापाने कोणाला दिले नव्हते. “एवढं एक तरी माझं राहू दे,” ते म्हणत. पण ती केबल म्हणजे अजगर. डाव्या हाताने झाकण धरावे तर प्लग सुटे, प्लग धरावा तर केबल खाली ओढी. एकदा प्लग त्यांच्या पायावर पडला. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, कोणी बघितले नाही अशी खात्री करून घेतली आणि लंगडत प्लग उचलला. मुलगी जिन्यात उभी होती. ती पाऊल न वाजवता वर निघून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मला घडवण्याच्या मागे लागली.

माझ्या पोटातल्या पिना इतर पोर्टांसारख्याच आहेत. त्या बदलता येत नाहीत, नाहीतर कुठलाच प्लग बसणार नाही. माझे वेगळेपण तोंडाशी आहे. प्लग कसाही वाकडा टेकवला तरी माझी उतरती कड त्याला सरळ करून घेते. आणि खाली एक तरफ आहे, तिच्यावर केबल नुसती टाकायची. मग ज्या वजनाने हात दुखायचा, तेच वजन प्लगला आत ढकलते. हे खटपटीच्या डोक्यातून निघाले. त्याआधी मी बरेचदा फसलो. पहिल्यांदा मला पाहून बाबा म्हणाले, “हे काय? गटाराचं झाकण करायला घेतलंस का?”

“बाबा, आधी लावून तर बघा.”

“लावतो. पण पाय बाजूला घे हं, माझ्या गाडीचा प्लग पायावर पडतो.”

म्हणजे ती पाहत होती हे त्यांना ठाऊक होते! दोघेही हसले. त्या दिवसासारखे हसणे मी पुन्हा ऐकले नाही.

या वर्कशॉपची एक रीत होती. नवी वस्तू तयार झाली की शटर वर करून दाराशी टेबल मांडायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ती हाताळू द्यायची. बाबा म्हणत, “वस्तू परक्याच्या हातात रडली, तर ती अजून कच्ची आहे.” मलाही एका जुन्या गाडीच्या पत्र्यासकट टेबलावर बसवले. बेकरीवाला आला, पोस्टमन आला. शिवणकाम करणाऱ्या मावशींनी माझ्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, “अगं खटपटे, माझ्या सुईपेक्षा हीच जास्त टोचते!” खटपटीने लगेच कड गोल केली. समोरच्या नर्सताई म्हणाल्या की हातमोजे घातले की झाकण सुटत नाही, म्हणून झाकणाला खाच आली. आज मी जो आहे, तो या सगळ्यांच्या बोटांनी घडवलेला आहे. एक अनोळखी बाई मोबाईलवर व्हिडिओ घेत होती. बाबांनी तिला हाक मारली, “अहो ताई, अशा इकडे या. तिथून अंधार येतोय, नीट दिसणार नाही.”

तिने तो व्हिडिओ जगाला दाखवला. लोकांना मी फार आवडलो. बाबा येईल त्याला सांगत, “माझ्या पोरीनं केलंय.”

पुढे नर्सताईच म्हणाल्या, “अगं, याचं पेटंट घे. उद्या कोणी उचललं तर बसशील हात चोळत.” मग एक वकीलबाई वर्कशॉपमध्ये आल्या. त्यांनी मला चारपाच वेळा लावून पाहिले आणि त्या खूश झाल्या.

“पेटंटसाठी मुख्य तीन गोष्टी बघतात,” त्या म्हणाल्या. “वस्तू उपयोगाची हवी, ती आहेच. कोणाही जाणकाराला सहज सुचेल अशी नको. वजनानंच प्लग आत जाणं, हे मला तरी कुठं दिसलेलं नाही. आणि वस्तू नवी हवी. म्हणजे अर्ज करायच्या आधी ती लोकांसमोर आलेली नको. तुमच्याशिवाय हे कोणी पाहिलंय का?”

बाबांची छाती फुगली. “कोणी पाहिलंय काय विचारता? कोणी नाही पाहिलं ते विचारा! सगळ्या गल्लीनं हात लावलाय. व्हिडिओपण आहे. दाखव गं यांना.”

खटपटी जागची हलली नाही. वकीलबाईंनी पेन खाली ठेवले.

“हे गुप्त ठेवा, असं त्या लोकांना सांगितलं होतं का?”

“गुप्त कशाला? चोरीचा माल आहे का तो?”

वकीलबाई चांगल्या होत्या. त्यांनी हळू आवाजात समजावले. इथल्या कायद्याने एकदा जगाने पाहिलेली वस्तू नवी राहत नाही, मग ती खुद्द बनवणाऱ्याने दाखवलेली का असेना. तोंडाच्या आकाराची वेगळी नोंदणी होते, पण तिलाही वस्तू नवीच लागते. “आता दुसऱ्यालाही यावर हक्क सांगता येणार नाही, एवढंच समाधान. ही रचना आता सगळ्यांची झाली.”

“सगळ्यांची,” बाबा म्हणाले. “फक्त माझ्या पोरीची नाही.”

खटपटी त्यांना लागेल असे काही बोलली नाही. पण गोडही बोलली नाही. “तुमची काही चूक नाही बाबा,” असे म्हणाली खरी, पण नळ बंद करा असे सांगावे तशा आवाजात. मग पाठ फिरवून लेथ सुरू केला. तो आवाज झाला की कोणालाच काही बोलता येत नाही. तिला राग आला होता आणि राग येणे चूक नव्हते. ती वाट पाहत होती, राग आपोआप उतरेल याची. मोठी माणसे तशी वाट पाहतात.

बाबांनी एकट्या डाव्या हाताने टेबल ओढत आत नेले. त्यानंतर ते कुठल्याच नव्या वस्तूकडे बघेनात. ती काही दाखवायला आली की तोंड फिरवत. “मला नको दाखवूस. माझ्या पोटात काही राहत नाही.” ती वस्तू घेऊन परत जाई. पूर्वी तिच्या प्रत्येक वस्तूची पहिली टिंगल तेच करत. आता टिंगल करणारे कोणी उरले नाही.

मला मात्र मालगाडीत बसवले होते आणि बाबा मला रोज लावत. त्या कामात ते कधी चुकले नाहीत. माझी कड मऊ फडक्याने पुसत आणि तरफेच्या सांध्यात तेलाचा थेंब सोडत. माझ्या नशिबी एवढे कौतुक होते.

मग एका मोठ्या कारखान्याच्या गाड्या आल्या. त्यांना माझ्यासारखीच कड होती, तरफ होती आणि झाकणाला नर्सताईंची खाचसुद्धा होती. एकदा चार्जिंग स्टेशनवर तशीच एक झकपक गाडी आमच्या शेजारी उभी होती. तिच्या तरुण मालकाने बाबा एका हाताने मला लावताना पाहिले.

“वा काका, भारी! पण ही नक्कल कुठून बसवून घेतलीत? ओरिजिनल घ्यायची ना, जास्त टिकते.”

मला वाटले, आता बाबा सांगतील. निदान आता तरी! त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला.

“हो,” ते म्हणाले. “नक्कलच आहे.”

खटपटी गाडीत बसून हे ऐकत होती. तो तरुण गेल्यावर ती खाली उतरली. “बाबा, असं का म्हणालात?”

“मग काय सांगू? ओरिजिनल हीच, आणि ती घालवणारा मी, असं सांगू?”

तिने तोंड उघडले. तेवढ्यात मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. “चला, घरी गेल्यावर बोलू,” ती म्हणाली.

घरी गेल्यावर गिऱ्हाईक बसलेले होते. मग एका यंत्राचे काम तातडीचे निघाले. मग बाबांना दुसरा झटका आला. दवाखान्यात नेले तेव्हा त्यांची वाचा आणि शुद्ध दोन्ही गेली होती, आणि ते तिथून परत आले नाहीत.

त्यांना शेवटचा निरोप देऊन घरी आल्यावर खटपटी माझ्यापाशी येऊन जमिनीवर बसली. ती जे बोलली ते मी एकट्याने ऐकले. “मी हे तुमच्यासाठी केलं होतं हो बाबा. पेटंटसाठी नव्हतं केलं. तुम्ही लावत होता ना रोज? मग झालं होतं की माझं काम.”

मित्रांनो, मला ऐकू येते, पण पोचवता येत नाही. ते शब्द माझ्यापाशीच राहिले आहेत.

आता मालगाडी फारशी बाहेर जात नाही. माझ्या तरफेत धूळ बसते. खटपटीचे दोन्ही हात धड आहेत, तिला माझी गरज नाही. माझी तक्रार नाही, वस्तू जुन्या होतातच. तुम्ही उद्या काही नवे शोधून काढाल तेव्हा जगाला दाखवण्याआधी जाणत्या माणसाला विचारा, एवढे जरूर करा. वस्तूंना पुसा, तेल द्या. पण घरातल्या कोणाच्या हातून प्रेमापोटी काही बिघडले, तर आधी त्याच्याकडे जा. तुमचा राग उतरला नसला तरी जा. मागची गाडी हॉर्न वाजवत असली, तरी तिला थोडी थांबू द्या.