मागच्या सालची परी

"सन दोन हजार तीन," गोपाळराव म्हणाले आणि गालावर दाढीचा फेस तसाच ठेवून थांबले.

तव्यावरची पोळी फुगली, बसली, तरी पुढचं नाव येईना. अंजनाबाईंनी पिठाच्या बोटांनी आपल्या नसलेल्या मिशीला पीळ दिला.

"सुलतान! तेहेतीस सेकंद!" गोपाळराव एकदम ओरडले. मग चिडले. "मले माहीत होतं वं. तू कायले मिशा पिळून राहिली?"

"माहीत होतं तं बोलाचं होतं जी."

"आठवूनच राहिलो होतो."

अंजनाबाईंनी करपलेली पोळी स्वतःच्या ताटात टाकली.

हिंगण्याच्या पलीकडे सालईखेडीच्या माळावर दर माघी पौर्णिमेला घोड्यांची दौड होते. निशाण पडायच्या आधी पहिल्या सालापासून जिंकलेल्या घोड्यांची सगळी नावं वेळेसकट म्हणायची, अशी तिथली रीत. तीही तोंडपाठ. कागद पाहून वाचलं तर घोडा बुजतो म्हणतात. मागच्या सालच्या घोड्याचं नाव तोंडातून पडलं की निशाण पडतं. तोवर घोडे जागच्या जागी नाचत, लगाम चावत उभे.

गोपाळराव हिंगण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होते. घर होतं त्या प्रताप नगरात त्यांची ओळख एवढीच, की पाण्याची मोटर बंद करा म्हणून ओरडणारे काका. हल्ली मोटर तेच चालू करत आणि विसरत. पण माळावर त्यांना मान होता. छत्तीस वर्षं माइकवर तेच, दौडीची वेळ घेणारेही तेच. यंदा नावं अठ्ठेचाळीस झाली होती.

दिवाळीनंतर धरमपेठेतल्या डॉक्टरांनी त्यांना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं होतं. अकरा वाजून दहा मिनिटं. गोपाळरावांनी गोल काढला, रुपयासारखा गोल. मग बाराही आकडे एका बाजूला, बसला गर्दी व्हावी तसे कोंबले. काटे काढलेच नाहीत. पेन झटकून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पेन बराबर नाही तुमचा."

येताना दोघांनी तर्री-पोहे खाल्ले. घड्याळाचा कागद चार घड्या होऊन अंजनाबाईंच्या पर्समध्ये राहिला.

अडलेलं नाव आठवावं म्हणून खुणा अंजनाबाईंनीच काढल्या. मोतीला कानातल्याला हात, चंदनला कपाळाला, सुलतानला मिशी, बिजलीला डोळ्यांची उघडझाप. इतक्या वर्षांच्या तालमी स्वयंपाकघरातूनच ऐकल्या होत्या, त्यामुळे यादी त्यांनाही पाठ होती.

"हे का नाटक आहे?" गोपाळराव म्हणाले होते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "तुफानले काय करशील?"

"पदर उडवीन."

शेवटच्या नावाची खूण मात्र दोघांनीही केली नाही. मागच्या सालचं कोण विसरतं?

माळावर पोचले तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सतरंजी आणि माइक तयार होता. दौड कमिटीचा सेक्रेटरी विक्की दोन मोबाईल घेऊन धावत आला.

"काका, यंदा शॉर्टमध्ये घ्या ना जी. शेवटचे दहा बस. लाइव्ह चालू आहे."

"दौड दहा सालाची आहे का गा?"

विक्की हसला. अंजनाबाईंना वाटलं, म्हणावं, दहाच घ्या. पण गोपाळराव शर्टाची वरची गुंडी लावून ट्रॉलीवर चढले होते. गळ्यात कारखान्याने निरोपाच्या दिवशी दिलेलं स्टॉपवॉच.

त्या अगदी पुढे, त्यांच्या नजरेसमोर बसल्या.

"सन एकोणीसशे सत्त्याहत्तर!" आवाज खणखणीत आला. जुनी नावं नळासारखी वाहू लागली. चंदनला ते जरा अडले, अंजनाबाईंचा हात कपाळाला गेला, निघालं. दोन हजार तीनला पुन्हा अडले. समोर सात घोडे, मागे हजारभर माणसं. अंजनाबाईंनी मिशी पिळली. पोरं खिदळली.

"काय झालं वं बाई?" शेजारची म्हणाली.

"माशी बसली."

"सुलतान! तेहेतीस सेकंद!"

मग तुफान. मग, "दोन हजार एकवीस, बिमारीचं साल, माळ रिकामा." लोकांनी या ओळीला दरवर्षीसारखे हात जोडले. अंजनाबाईंनी बोटांवर मोजलं. आता चारच.

तीन झाली.

"सन दोन हजार पंचवीस," गोपाळराव म्हणाले.

निशाणवाल्याने हात उचलला. घोडे ताणले गेले. माइकमधून नुसता वारा ऐकू येत होता. एक घोडा मागच्या पायांवर उभा राहिला.

मागच्या साली घरी येऊन आठ दिवस ते परीचंच सांगत होते. ताराचंदची परी, पांढऱ्या पायाची, एकतीस सेकंद, माळावरचा विक्रम. जेवतानाही परी.

गोपाळरावांनी अंजनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी हात उचलला, पण कोणती खूण करणार? आणि ते खूण शोधतच नव्हते. समोर कोणी एक बाई बसली आहे, एवढंच त्या नजरेत होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात अंजनाबाईंनी ती नजर पाहिली नव्हती.

त्या उठून उभ्या राहिल्या.

"परी!" आवाज फाटला. "ताराचंदची परी! एकतीस सेकंद!"

निशाण पडलं.

धूळ, टापा, आरडाओरड. दौड कोणी मारली ते अंजनाबाईंनी पाहिलं नाही. त्या ट्रॉलीशी गेल्या आणि उतरायला हात दिला. गोपाळरावांनी तो धरला.

"शेवटचं कोन बोललं वं?"

"तुमीच तं."

"बाईचा आवाज होता."

"माइक खराब आहे त्याहीचा."

ते मानेनं हो म्हणाले. तेवढ्यात विक्की आला. "काका, टाइम?"

गोपाळरावांनी गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेतलं. काटा फिरतच होता. दौड संपून चार मिनिटं झाली होती. विक्कीने ते पाहिलं, अंजनाबाईंकडे पाहिलं.

"राहू द्या काकू," तो हळूच म्हणाला. "मोबाईलवर घेतला मी."

परतीच्या बसमध्ये गोपाळराव खिडकीशी बसले आणि लगेच पेंगले. अंजनाबाईंनी त्यांच्या गळ्यातून स्टॉपवॉच काढलं. ते अजून चालूच होतं. बंद करून पर्समध्ये त्या घड्याळाच्या कागदाशेजारी ठेवायचं म्हणून त्यांनी अंगठा बटणावर नेला.

मग दाबलं नाही. हिंगणा येईपर्यंत तसंच मुठीत धरून बसल्या.