सोसण्याचं कौतुक

घरातलं माणूस मुकाट्यानं सोसत असलं की आपल्याला त्याचं केवढं कौतुक वाटतं! त्याला काय होतंय हे विचारायचं मात्र राहून जातं.

पडदे शिवून देणारी एक बाई होती, अशीच सोशिक. एका गिऱ्हाइकाच्या उंच खिडकीला पडदा लावताना ती स्टुलावरून पडली आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाडावर धातूची प्लेट स्क्रूंनी बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "जखम लाल झाली, ओली झाली, ताप आला, तर थांबू नका."

टाके निघाले, सगळं ठीक दिसत होतं. मग एका दुपारी बाही दंडाला चिकटली. तिनं रुमालाची घडी आत सरकवली आणि डोळे मिटून घेतले. अंगात बारीक ताप होता. खिडकीतला पडदा वाऱ्यानं फुगायचा, हळूच बसायचा. तिला वाटे, आपण पांढऱ्या होडीत आडव्या पडलोय, घर लांब किनाऱ्यावर राहिलंय, आणि हा ठणकणारा हात दुसऱ्याच कुणाचा तरी आहे.

किनाऱ्यावरून सासूबाईंचा आवाज यायचा. त्या शेजारणीला सांगत असायच्या, "एवढं हाड मोडलं, पण आमची सून हूं की चूं करत नाही हो!"

बारा वर्षं जपलेलं हे कौतुक! ते एका ओल्या बाहीपायी कसं घालवायचं? ती पुन्हा होडीत शिरायची.

चौथ्या दिवशी नणंद भेटायला आली. ती एका दवाखान्यात जखमांचं ड्रेसिंग करायची. जवळ बसताच तिनं नाक आक्रसलं.

"वहिनी, बाही वर कर बघू."

"अगं, घाम आलाय नुसता."

"घामाला असा वास येत नाही."

रुमाल पिवळा झाला होता. सासूबाई दारातून म्हणाल्या, "ऑपरेशन म्हटलं की थोडंफार चालायचंच. सोसावं माणसानं."

"ज्याला इलाज नाही ते सोसावं, आई! आत जंतू शिरलेत. ते काय हिचा सोशिकपणा बघून माघारी जाणार आहेत? हाडात उतरले तर हाड जुळायचं नाही, प्लेट काढायची वेळ येईल. तू हिचं कौतुक करतेस की तोंड बांधतेस?"

सासूबाई आत येऊन सुनेजवळ बसल्या. त्यांनी सुनेच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलं होतं.

"मला वाटलं, मी तुला मोठेपणा देतेय गं... सांग, किती दुखतंय?"

होडी एकदम काठाला लागली. बाईचा बांध फुटला.

"खूप दुखतंय, आई! सहन होत नाहीये!"

तासाभरात तिघी इस्पितळात पोचल्या. डॉक्टरांनी जखम उघडून धुतली. प्लेट पक्की होती म्हणून ठेवता आली. कित्येक आठवडे औषधं चालली. हाड उशिरा, पण जुळलं. कोपर मात्र पूर्ण सरळ होत नाही; चार दिवस आधी आली असतीस तर कदाचित एवढं वाढलं नसतं, असं नणंद म्हणते.

सासूबाई आता कुणा आजाऱ्याला भेटायला गेल्या की आधी खुर्ची जवळ ओढतात आणि म्हणतात, "कुठे दुखतंय ते सांग. मला वेळ आहे."

मंडळी, दुखणं वेळेवर सांगणं म्हणजे रडगाणं नव्हे. तो उपचाराचाच पहिला भाग आहे. आणि ते सांगता येईल असं घर ठेवणं, हे आपलं सगळ्यांचं काम आहे!